घरातून सजावटीचे दुकान चालवताना: मुद्रा कर्ज, हप्ता आणि सणांचे दिवस

तोरणे, कुशनचे अभ्रे, पडदे, रंगवलेल्या पणत्या, कापडी मखर, भिंतीवर लावायच्या माळा अशा वस्तू घरातूनच विकणाऱ्या महिलांसाठी हा लेख आहे. समोरच्या खोलीत एक-दोन रॅक, दाराशी छोटा फलक आणि मोबाइलवर फोटो, एवढ्यावर हे दुकान सुरू होते. गाळ्याचे भाडे नाही, जाण्यायेण्याचा वेळ नाही आणि मुलेही डोळ्यांसमोर राहतात.

मात्र या धंद्याची एक अडचण आहे. ज्या आठवड्यांत दुकान सर्वांत जास्त चालते, त्याच आठवड्यांत घरातही सर्वांत जास्त काम असते. गौरी-गणपती, दसरा आणि दिवाळी हे दुकानाचे दिवस, तसेच पाहुण्यांचे, फराळाचे आणि साफसफाईचेही. त्यानंतर दोन-तीन महिने विक्री मंदावते, पण कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो. कर्ज घेतानाच या चढउताराचा विचार केला नाही, तर पुढे हप्ता घरखर्चातून भरावा लागतो. घरातल्या कुरबुरी बहुतेकदा तिथूनच सुरू होतात.

मुद्रा कर्ज कोणत्या स्वरूपात घ्यावे?

प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५०,००० ते ५ लाख आणि तरुण गटात ५ ते १० लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज वेळेवर फेडलेल्यांना ‘तरुण प्लस’मध्ये २० लाखांपर्यंत कर्ज घेता येते. घरातील दुकानाला सुरुवातीला शिशु गट पुरतो. या कर्जासाठी काहीही तारण ठेवावे लागत नाही. व्याजदर बँक ठरवते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी. मुद्रा योजनेत अनुदान नाही. ‘इतके माफ होईल’ असे सांगणाऱ्या व्यक्तीला पैसे किंवा कागदपत्रे देऊ नका. या योजनेसाठी कोणताही दलाल नेमलेला नाही.

आता महत्त्वाचा भाग. मुद्रा कर्ज दोन प्रकारे घेता येते. एक म्हणजे मुदत कर्ज: पूर्ण रक्कम एकदम हातात येते आणि दर महिन्याला सारखा हप्ता भरावा लागतो. दुसरे म्हणजे खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट: बँक एक मर्यादा ठरवून देते, गरज असेल तेवढेच पैसे काढायचे आणि जेवढे काढले तेवढ्यावरच व्याज द्यायचे. यासाठी मुद्रा कार्ड मिळते आणि ते डेबिट कार्डासारखे वापरता येते. (‘खेळते भांडवल’ हा शब्द सरकारी मराठीतल्या चांगल्या शब्दांपैकी आहे. पैसा मालात जातो, माल विकून परत येतो आणि पुन्हा मालात जातो, हे त्यात दिसते.)

शिलाई मशीन, रॅक, ओव्हरलॉक मशीन अशा वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूंसाठी मुदत कर्ज ठीक आहे. कापड, लेस, मणी, रंग, कृत्रिम फुले अशा कच्च्या मालासाठी दुसरा प्रकार सोयीचा. समजा, बँकेने ३०,००० रुपयांची मर्यादा दिली. श्रावणाच्या सुमारास तुम्ही २५,००० रुपये काढून माल भरला आणि दिवाळीनंतर विक्रीचे पैसे परत जमा केले, तर व्याज फक्त त्या तीन-चार महिन्यांचे लागेल. मंदीच्या महिन्यांत डोक्यावर हप्ता राहणार नाही. मात्र ही मर्यादा कायमची नसते. बँक तिचा वेळोवेळी आढावा घेते आणि खात्यात व्यवहार होतात की नाही हे पाहते. त्यामुळे विक्रीचे पैसे याच खात्यात जमा करणे गरजेचे आहे.

लहान रकमेसाठी अर्ज केला की अनेकदा मुदत कर्जाचाच कागद पुढे केला जातो. ‘माझा व्यवसाय हंगामी आहे, मला खेळत्या भांडवलाची मर्यादा हवी आहे,’ असे अर्ज भरतानाच स्पष्ट सांगा. तरीही मुदत कर्जच मिळाले, तर हिशेब असा मांडा: ५०,००० रुपये, ३ वर्षे, आणि उदाहरणापुरता १२ टक्के व्याजदर धरला, तर मासिक हप्ता सुमारे १,६६० रुपये येतो. दिवाळी संपली की तीन हप्त्यांचे, म्हणजे सुमारे ५,००० रुपये हप्त्याच्या खात्यात बाजूला ठेवा आणि मगच भाऊबीजेची खरेदी करा. हप्ता इंग्रजी तारखेने येतो आणि सण पंचांगाने, त्यामुळे हंगाम दरवर्षी थोडा मागे-पुढे होतो. अधिक मास आला की तो आणखी लांबतो. पहिला हप्ता कधी सुरू होणार हेही सही करण्यापूर्वी विचारा. ९० दिवसांपेक्षा जास्त काळ हप्ता थकला, तर बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. त्याची नोंद तुमच्या पतअहवालात राहते आणि पुढचे कर्ज मिळणे अवघड होते.

वस्तू स्वतः बनवत असाल तर

मुद्रा कर्जाचा अर्ज करण्याआधी पीएम विश्वकर्मा योजनेचे नियम पाहून घ्या. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सजावटीच्या वस्तूंशी संबंधित कुंभार, शिंपी, हार बनवणारे, बाहुल्या व खेळणी बनवणारे आणि टोपल्या-चटया विणणारे कारागीर त्यात येतात. बाजारातून तयार माल आणून विकणाऱ्यांसाठी ही योजना नाही.

पात्र कारागिराला ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. पुढे ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते.

इथे दोन अटी घरात बसून एकत्र वाचाव्यात. पहिली: पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांच्यापैकी एकालाच लाभ घेता येतो. घरात यजमान कुंभारकाम करतात आणि तुम्ही शिवणकाम करता, तर नाव कोणाचे द्यायचे हे आधी ठरवावे लागेल. दुसरी: गेल्या पाच वर्षांत मुद्रा, पीएम स्वनिधी किंवा पीएमईजीपीसारख्या योजनेतून व्यवसायासाठी कर्ज घेतले असेल, तर सहसा विश्वकर्माचा लाभ मिळत नाही. मुद्रा किंवा स्वनिधीचे कर्ज पूर्ण फेडलेले असेल, तर अर्ज करता येतो. म्हणजे घाईने मुद्रा कर्ज घेतले, तर ते फिटेपर्यंत ५ टक्क्यांच्या कर्जासाठी थांबावे लागेल. घरातील कोणी सरकारी नोकरीत असेल, तरी लाभ मिळत नाही.

ग्रामीण भागात बचत गटात असाल, तर तिसरा मार्गही आहे. दीनदयाळ अंत्योदय योजना – राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील महिला गटांना ३ लाखांपर्यंतचे बँक कर्ज ७ टक्के दराने मिळू शकते. हे अभियान महाराष्ट्रात ‘उमेद’ आणि कर्नाटकात ‘संजीवनी’ या नावाने ओळखले जाते.

दुकान कोणाच्या नावावर?

काम तुम्ही करता, तर नोंदणीही तुमच्याच नावाने करा. ‘घरातलेच आहे, काय फरक पडतो?’ असे म्हटले जाते, पण फरक पडतो. पुढचे कर्ज आणि महिला उद्योजकांसाठीच्या सवलती नोंदणीतील नावानुसार मिळतात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. शुल्क मागणारी संकेतस्थळे खासगी असतात. पॅन नसेल, तर बँकेत ‘उद्यम असिस्ट’ची चौकशी करा.

दुकानासाठी वेगळे बचत किंवा चालू खाते ठेवा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. भाजीचे पैसे गल्ल्यातून देणे ही सर्वांत सहज लागणारी सवय आहे. त्याऐवजी दर आठवड्याला ठरावीक रक्कम घरखात्यात पाठवा. मग दुकान घराला किती देते हे सगळ्यांनाच दिसते, आणि हंगामात घरच्यांकडे मदत मागताना त्या आकड्याचा उपयोग होतो.

भाड्याच्या घरात राहत असाल, तर घरमालकाची किंवा सोसायटीची लेखी परवानगी घ्या. दुकानाच्या नोंदणीचे आणि वीज मीटरचे नियम राज्याप्रमाणे वेगळे आहेत. त्यांची माहिती स्थानिक स्वराज्य संस्था आणि वीज कंपनीकडून घ्यावी.

तुमच्या वेळेची किंमत

एक तोरण घ्या. कापड, लेस, घुंगरू मिळून साहित्य १८० रुपयांचे. बनवायला तीन तास लागले. तासाला फक्त ५० रुपये धरले, तरी मजुरी १५० रुपये होते. म्हणजे तोरण ३३० रुपयांना पडले. ते ‘ओळखीच्या आहेत’ म्हणून २५० रुपयांना दिले, तर ८० रुपये तुम्ही तुमच्या झोपेतून भरले. घरातून चालणाऱ्या दुकानात हीच चूक सर्वाधिक होते, कारण बाईच्या वेळेचे बिल घरात कोणी कधी मागितलेले नसते. दर ठरवताना मजुरी आधी लिहा, नफा नंतर.

दुकानाची वेळ फलकावर लिहा: उदाहरणार्थ, सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८. दुपारी जेवताना कोणी बेल वाजवली, तर ‘पाचला या ना’ म्हणायला हरकत नाही. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते, पण ठरलेली वेळ लोक लवकर शिकतात. हंगामाच्या महिन्यात मात्र घरातल्या कामांची वाटणी आधीच बोलून घ्या. सासूबाई गल्ल्यावर बसणार असतील, तर त्यांना दर लिहिलेला कागद द्या. यजमानांनी माल आणायचा असेल, तर वार ठरवा. फराळातले दोन पदार्थ विकत आणले, तर त्याचा खर्च दुकानाचाच समजा. चौदा वर्षांखालील मुलांनी शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावणे कायद्याला मान्य आहे, पण अभ्यास बुडवून नाही. बाहेरचे मूल कामाला ठेवणे गुन्हा आहे.

मंदीचे महिने अगदीच रिकामे नसतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटण्यासाठी एकसारख्या पंचवीस-पन्नास छोट्या वस्तूंची मागणी येते. गुढीपाडव्याला तयार छोट्या गुढ्या विकल्या जातात. बारसे आणि डोहाळजेवणासाठी पडदे, झुला, फुलांची चौकट भाड्याने देता येते. एकदा केलेला खर्च त्यातून पुन्हा पुन्हा वसूल होतो. मखराचे सुटे भाग उन्हाळ्यातच कापून ठेवले, तर भाद्रपदातली रात्रीची जागरणे बरीच कमी होतात.

मूल लहान असेल, तर जवळच्या अंगणवाडी सेविकांकडे ‘पाळणा’ योजनेची चौकशी करा. मिशन शक्तीअंतर्गत निवडक अंगणवाड्यांना जोडून ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली जातात. आई नोकरीत असण्याची अट नाही, घरातून व्यवसाय करणाऱ्या आईलाही मूल तिथे ठेवता येते. सगळ्याच अंगणवाड्यांत ही सोय नाही, म्हणून हंगाम सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधीच विचारलेले बरे.

बँकेत जाताना

ओळख व पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, उद्यम प्रमाणपत्र, घ्यायच्या साहित्याचे किंवा मशीनचे दरपत्रक आणि मागच्या काही महिन्यांच्या विक्रीची वही सोबत ठेवा. शिशु गटाचा अर्ज एका पानाचा असतो. अर्ज दिल्याची पोच घ्या. गणपतीसाठी माल भरायचा असेल, तर अर्ज उन्हाळ्यातच द्या, म्हणजे एखादा कागद कमी पडला तरी वेळ हातात राहील. कर्ज मंजूर करून देतो म्हणून फोनवर कोणी ओटीपी किंवा आगाऊ रक्कम मागितली आणि पैसे गेले, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. अर्ज नामंजूर झाला, तर कारण लेखी मागा. तेच कारण दूर करून त्याच किंवा दुसऱ्या बँकेत पुन्हा अर्ज करता येतो.