बालकांचा जीर्ण मलावष्टंभ : झिरपणारा मल अतिसार नव्हे

पाच-सहा वर्षांचे बालक वारंवार कपडे खराब करते, म्हणून पालक जुलाब थांबविण्याचे औषध मागतात. अशा वेळी वैद्यांनी प्रथम उदरपरीक्षण करावे. वेदनेच्या भीतीने बालक मलवेग धारण करते. मल साचून शुष्क व कठीण होतो, गुदभाग प्रसरण पावून वेगाची जाणीव मंदावते आणि साचलेल्या मलाच्या कडेने द्रव मल नकळत झिरपतो. येथे कुटज, बिल्व आदी ग्राही द्रव्ये दिल्यास अवरोध वाढतो.

साचलेला मल निघाल्याखेरीज पुढील चिकित्सा व्यर्थ होय. आधुनिक बालरोगशास्त्रात त्यासाठी मुखावाटे पॉलिएथिलीन ग्लायकॉल प्रथम पसंतीचे आहे. मल फार साचला असल्यास बालरोगतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. त्यानंतर मृदू अनुलोमन करावे. चरकाचार्यांनी कल्पस्थानात बालकांसाठी आरग्वधाची (बहावा) प्रशंसा केली आहे. जयपालासारखी तीक्ष्ण द्रव्ये वर्ज्य समजावीत. चिकित्सा किमान दोन महिने चालवावी आणि लक्षणे जाऊन महिना लोटल्यावरच मात्रा हळूहळू कमी करावी. भोजनोत्तर पाच-दहा मिनिटे शौचास बसण्याची सवय लावावी. बालकास रागावू नये, कारण हा त्याचा हट्ट नव्हे.

जन्मानंतर 48 तासांत प्रथम मल न होणे, पोट फुगणे, हिरवी उलटी किंवा वजन न वाढणे, यांपैकी काहीही आढळल्यास हर्षस्प्रुंग व्याधीची शंका घेऊन त्वरित रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही बालकासाठी जुलाब बंद करणारे वा रेचक औषध देण्यापूर्वी हे प्रश्न अवश्य विचारावेत.