साडेतीन वर्षं उशिरा बदललेला नियम

१ सप्टेंबर २००९. रमजानचे दिवस. व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांची इफ्तारची दावत होती. बड्या पाहुण्यांच्या गर्दीत अठरा वर्षांची, बेताच्या उंचीची एक मुलगीही होती. ओबामांनी भाषणात तिचं नाव घेऊन कौतुक केलं. ती बास्केटबॉल खेळाडू बिल्किस अब्दुल-कादिर.

बिल्किस मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्डची. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला, तो याच गावात. शालेय स्पर्धांमध्ये बिल्किसने ३,०७० गुण केले आणि पुढे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेल्या रेबेका लोबोचा राज्यविक्रम मोडला. शाळेतच तिने हिजाब सुरू केला. जर्सीखाली पूर्ण बाह्या, पायात लेगिंग, डोक्याला घट्ट रुमाल. टोमणे ऐकावे लागले, पण गुण थांबले नाहीत.

कॉलेजचं पहिलं वर्ष गुडघ्याच्या दुखापतीत वाया गेलं. खेळाडूसाठी गुडघा म्हणजे सगळंच. तरी ती परतली, मेम्फिस विद्यापीठाकडून खेळली, पदवी घेतली आणि शेवटचा हंगाम इंडियाना स्टेटकडून गाजवला. २०१४ साली पुढची पायरी उरली होती, युरोपात व्यावसायिक संघाशी करार. तिथे आडवी आली ती नियमपुस्तिका. आंतरराष्ट्रीय संघटना फिबाच्या नियमानुसार मैदानात डोक्यावर काही घालता येत नव्हतं. जास्तीत जास्त पाच सेंटीमीटर रुंदीची पट्टी चालत असे.

कारण सुरक्षिततेचं सांगितलं जाई, आणि ते अगदीच पोकळ नव्हतं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. फिरत्या मशीनजवळ मोकळी ओढणी चालत नाही, पिन-टाचणीही नको. पण म्हणून बाईला कामावरूनच काढत नाहीत. ओढणी खोचतात, केस टोपीत घालतात आणि पाळी सुरू होते. फिबाला हा साधा मार्ग सापडायला फार वेळ लागला.

आणि हा प्रश्न एकट्या मुसलमान मुलींचा नव्हता. जुलै २०१४ मध्ये चीनमधल्या वुहानला आशिया चषकात भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पंचांनी पगडी काढायला लावली. यजमान चीनला हरवण्याचा पराक्रम भारतीय संघाने त्याच स्पर्धेत केला होता. दोन महिन्यांनी इंचॉनच्या एशियाडमध्ये कतारच्या मुलींना हिजाब काढा, तरच मंगोलियाविरुद्ध खेळा, असं सांगण्यात आलं. त्या न खेळता परतल्या. ज्यू खेळाडूंची किप्पाही याच नियमात अडकलेली. पगडी, टोपी, रुमाल सगळे एका रांगेत उभे राहिले, तेव्हा तक्रारीला वजन आलं.

त्याच सप्टेंबरात फिबाने देशांतर्गत सामन्यांपुरती प्रायोगिक सूट दिली. बिल्किसने स्वतः मोहीम चालवली, सह्या गोळा झाल्या. मे २०१७ मध्ये हाँगकाँगच्या अधिवेशनात नियम बदलला आणि १ ऑक्टोबरपासून लागू झाला. डोक्यावरचं वस्त्र काळं, पांढरं किंवा जर्सीच्या रंगाचं हवं, संघातल्या सगळ्यांचं एकाच रंगाचं हवं. चेहरा झाकलेला नको, गळ्याशी बंद किंवा गाठ नको, काही लोंबतं नको. एवढंच. कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरने अर्ध्या तासात लिहून दिलं असतं!

पण कॉलेजचा शेवटचा हंगाम संपून तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. बास्केटबॉलमध्ये खेळाडूची पंचविशी काही कोणासाठी थांबत नाही. दार उघडलं, तरी बिल्किस व्यावसायिक मैदानावर गेली नाही. मधल्या काळात ती एका मुस्लिम शाळेत खेळ शिकवू लागली होती. तिच्यावर ‘लाइफ विदाउट बास्केटबॉल’ हा माहितीपट आला. तिला दुसरी संधी मिळाली ती अशी, चेंडू दुसऱ्या मुलींच्या हातात देण्याची. हे पुरेसं होतं का? ज्याचा खेळ हुकला, त्यालाच ते विचारावं. ‘सब्र कर’ असं दुसऱ्याला सांगणं फार सोपं असतं.

नियम बदलल्याचा फायदा मात्र दिसू लागला. अमेरिकेची बातुली कामारा स्पेनमध्ये हिजाबसह व्यावसायिक बास्केटबॉल खेळली. फ्रान्समध्ये चित्र उलटं आहे. फिबाने दार उघडल्यानंतर तिथल्या राष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये आपल्या स्पर्धांतून हिजाबला बंदी केली. दियाबा कोनाते ही फ्रान्सच्या कनिष्ठ संघातून खेळलेली मुलगी. अमेरिकेतल्या विद्यापीठाकडून २०२४ ची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा ती हिजाबसह खेळली. स्वतःच्या देशात मात्र तिला क्लबच्या सामन्यातही तसं उतरता येत नव्हतं.