मसल कारमधील विरळ मिश्रण आणि कार्ब्युरेटरची जुळणी

कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, तर त्या मिश्रणास विरळ मिश्रण म्हणतात. मेकॅनिकांच्या बोलीत अशी गाडी 'लीन' चालते. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त असल्यास मिश्रण 'रिच', म्हणजे दाट असते. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत तयार झालेल्या व्ही-८ इंजिनाच्या मसल कार आज चालवताना विरळ मिश्रणाचा दोष वारंवार आढळतो. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास झडपा जळणे किंवा पिस्टनला भोक पडणे इथपर्यंत हानी होऊ शकते. विरळपणाचे मूळ नेहमीच कार्ब्युरेटरमध्ये असते असे नाही. त्यामुळे इंजिनात शिरणारी अतिरिक्त हवा, पेट्रोलचा पुरवठा आणि प्रज्वलन यांची तपासणी हा जुळणीचा पहिला टप्पा मानला जातो.

पार्श्वभूमी

१९६४ मध्ये आलेल्या पाँटियॅक जीटीओपासून मसल कारचे युग सुरू झाले असे सामान्यतः मानले जाते. त्या गाडीत ३८९ घनइंच (सुमारे ६.४ लिटर) क्षमतेचे इंजिन होते. या प्रकारच्या गाड्यांवर बहुधा चार नळ्यांचा, म्हणजे 'फोर-बॅरल' कार्ब्युरेटर असे. हॉली ४१५०, कार्टर एएफबी आणि रोचेस्टर क्वाड्राजेट ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. रोजच्या चालवण्यात पुढील दोन प्राथमिक नळ्या काम करतात, तर जादा शक्ती लागते तेव्हा मागील दोन दुय्यम नळ्या उघडतात.

अमेरिकेतील १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धुरातील प्रदूषके कमी करण्यासाठी कारखान्यातूनच अधिक विरळ मिश्रणाची मांडणी होऊ लागली. याखेरीज मालकांनी पुढे बसवलेले मोठे कॅमशाफ्ट, हेडर किंवा नवा मॅनिफोल्ड यांमुळे हवेचा प्रवाह बदलतो आणि मूळ जेट अपुरे ठरू शकतात.

हवा आणि इंधनाचे प्रमाण

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. प्रत्यक्षात इंजिनाची गरज भारानुसार बदलते. स्थिर वेगात १४ ते १५ भाग हवा चालते, मात्र अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर अधिकतम शक्तीसाठी १२.५ ते १३ हे प्रमाण योग्य ठरते. पूर्ण भाराखाली जादा पेट्रोलच्या बाष्पीभवनाने सिलिंडरमधील उष्णता काही अंशी आटोक्यात राहते. हे जादा पेट्रोल मिळाले नाही, तर तापमान वाढते, मिश्रण अकाली व स्फोटासारखे पेटते आणि पिस्टनवर आघात होतात. म्हणून पूर्ण भाराखालील विरळपणा सर्वांत घातक असतो.

लक्षणे

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल पोहोचवणारे अनेक मार्ग असतात आणि प्रत्येक मार्ग ठरावीक स्थितीत काम करतो. त्यामुळे लक्षण कोणत्या वेळी दिसते, यावरून दोषाची जागा शोधता येते.

- गाडी उभी असताना इंजिन अस्थिर चालत असेल, तर आयडल मार्ग किंवा हवेची गळती यांवर संशय घेतला जातो.
- अॅक्सिलरेटर एकदम दाबताच गाडी अडखळत असेल किंवा कार्ब्युरेटरमधून फट्कन आवाज येत असेल, तर अॅक्सिलरेटर पंप तपासला जातो.
- स्थिर वेगात गाडी हलके धक्के देत मागेपुढे होत असेल, तर आयडल व संक्रमण मार्ग किंवा प्राथमिक जेट विरळ असण्याची शक्यता असते.
- पूर्ण वेगात शक्ती कमी पडत असेल किंवा इंजिन ठोकत असेल, तर मुख्य जेट, पॉवर व्हॉल्व्ह, दुय्यम नळ्या आणि पेट्रोलचा दाब यांची तपासणी आवश्यक असते.

स्पार्क प्लगचे चिनीमातीचे टोक पांढरेफटक दिसणे, हीदेखील विरळपणाची खूण आहे. एक्झॉस्टमध्ये बसवलेला विस्तृत पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर अधिक नेमके मापन देतो. मात्र एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसेल, तर न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि सेन्सर तो विरळपणा समजतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असली तरी असाच खोटा आकडा मिळतो.

जुळणीपूर्वीची तपासणी

कार्ब्युरेटरला वळसा घालून मॅनिफोल्डमध्ये शिरणाऱ्या हवेसोबत पेट्रोल येत नाही. मॅनिफोल्ड व कार्ब्युरेटरखालचे गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही झडप आणि झिजलेला थ्रॉटल शाफ्ट या गळतीच्या नेहमीच्या जागा होत. संशयित सांध्यावर साबणाचे पाणी फवारल्यावर इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, तर तेथे गळती असल्याचे मानले जाते. अशी गळती राहू देऊन मोठे जेट बसवल्यास आयडलला मिश्रण विरळच राहते आणि वेगात ते गरजेपेक्षा दाट होते.

त्यानंतर पेट्रोलचा पुरवठा पाहिला जातो. हॉली कार्ब्युरेटरसाठी साधारण ५ ते ७ पीएसआय दाब अपेक्षित असतो आणि तो पूर्ण वेगातही टिकावा लागतो. तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप असल्यास आयडलला सर्व ठीक दिसते, पण भाराखाली फ्लोटची वाटी रिकामी होऊ लागते. फ्लोटची पातळी खूप खाली असल्यासही मुख्य मार्ग उशिरा सुरू होतो.

प्रज्वलनाची वेळ शेवटी तपासली जाते. विरळ मिश्रण हळू जळते. अशा वेळी ठिणगी उशिरा पडत असेल किंवा व्हॅक्यूम अॅडव्हान्स बंद असेल, तर इंजिन आणखी तापते.

जुळणीची पद्धत

जुळणी आयडलपासून सुरू करून पूर्ण वेगाकडे नेली जाते. इंजिन पूर्ण तापलेले आणि चोक पूर्ण उघडा असावा लागतो. मिश्रणाचे स्क्रू अलगद बंद करून सुमारे दीड फेरा उघडणे, ही सर्वमान्य सुरुवात आहे. पुढे व्हॅक्यूम गेज जोडून प्रत्येक स्क्रू थोडा थोडा फिरवला जातो आणि सर्वाधिक व्हॅक्यूम मिळेल तेथे तो थांबवला जातो. स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल, तर बहुधा थ्रॉटलची चकती प्रमाणाबाहेर उघडी राहिलेली असते. त्यामुळे संक्रमण मार्गाची चीर उघडी पडते आणि स्क्रूचे नियंत्रण सुटते.

अॅक्सिलरेटर किंचित हलताच पंपाने पेट्रोलची धार सोडली पाहिजे. धार उशिरा येत असल्यास आधी लिव्हरमधील मोकळीक काढली जाते, धार अपुरी असल्यास मोठ्या छिद्राचे नोझल बसवतात.

मुख्य मार्गाची रचना कार्ब्युरेटरच्या बनावटीनुसार बदलते. हॉलीमध्ये जेट बदलतात आणि मोठा क्रमांक म्हणजे मोठे छिद्र असते. एकावेळी दोन क्रमांकांचा बदल हा प्रचलित टप्पा आहे. कार्टर एएफबी आणि क्वाड्राजेटमध्ये जेटच्या छिद्रात निमुळत्या सळ्या वरखाली होतात. तेथे अधिक बारीक सळी बसवल्यास पेट्रोल वाढते.

हॉलीच्या पॉवर व्हॉल्व्हवरील क्रमांक तो किती व्हॅक्यूमला उघडतो हे दाखवतो. उदाहरणार्थ, ६.५ क्रमांकाचा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम ६.५ इंच पाऱ्यापर्यंत खाली येताच उघडतो आणि जादा पेट्रोल देतो. तो न उघडल्यास भाराखाली गाडी धोकादायक रीतीने विरळ चालते.

एकावेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवणे हा या कामाचा मूलभूत नियम आहे. दोन बदल एकत्र केल्यास कोणत्या बदलाने फरक पडला, हे ठरवता येत नाही.

इथेनॉल आणि उंचीचा परिणाम

इथेनॉलच्या १ भागाला केवळ ९ भाग हवा पुरते. अमेरिकेत सर्वत्र मिळणाऱ्या १० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलला त्यामुळे सुमारे १४.१ भाग हवा लागते. शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेली गाडी या इंधनावर सुमारे ४ टक्के विरळ चालते. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानुसार वाढत असल्याने व्यासात २ टक्के वाढ केल्यास ही तूट बहुतांशी भरून निघते. भारतात २०२३ पासून विक्रीस आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे १३.५ असते. म्हणून कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांवर त्याचा परिणाम अधिक जाणवतो. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या व गॅस्केटही खराब होऊ शकतात.

उंचावर हवा विरळ असल्याने तेच जेट दाट मिश्रण देतात. सुमारे १,६०० मीटर उंचीवरील डेन्व्हर शहरात अचूक जुळवलेली गाडी समुद्रसपाटीवर आणल्यास ती लीन चालते. थंडीत हवा दाट होते, त्यामुळे उन्हाळ्यात जुळवलेली गाडी हिवाळ्यात विरळ होऊ शकते.

सुरक्षितता

जेट बदलताना पेट्रोल सांडते. त्यामुळे इंजिन थंड असणे, बॅटरी काढलेली असणे आणि अग्निशामक जवळ असणे आवश्यक मानले जाते. पूर्ण वेगातील चाचणी सार्वजनिक रस्त्यावर न घेता डायनामोमीटरवर किंवा बंदिस्त ट्रॅकवर घेतली जाते. पूर्ण भारासाठी सुरुवातीला किंचित दाट मिश्रण ठेवून टप्प्याटप्प्याने ते कमी करणे इंजिनाच्या दृष्टीने सुरक्षित असते. दाट मिश्रणाने प्लग काळे पडतात व ते बदलता येतात, तर विरळ मिश्रणाने जळालेल्या पिस्टनसाठी संपूर्ण इंजिन उघडावे लागते.