डोहातल्या शेजारणी

परवा माझी नात विचारत होती, ‘आजोबा, आपल्या घुग्घुसात पऱ्या असतात का?’ तिच्या हातात रंगीत चित्रांचे पुस्तक होते. त्यातल्या परीला फुलपाखराचे पंख होते आणि हातात चांदणीची काठी. मी म्हटले, ‘अशा नसतात बाळा. पण आपल्याकडच्या वेगळ्या असतात. त्यांना पंख नाहीत, आणि त्यांच्याशी जपून वागावे लागते.’ पोर खूश झाली. मी मात्र विचारात पडलो.

परी हा शब्दच आपल्याकडे फारसीतून आला. पंखांची, बोटाएवढी, गोड परी ही तर इंग्रजी रंगभूमीने आणि चित्रांच्या पुस्तकांनी अलीकडे घडवलेली. आयर्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यांतली जुनी माणसे ज्यांना मानत, ते अदृश्य लोक निराळेच होते. ते बहुधा माणसाएवढे असत, टेकडीखाली राहत, प्रसन्न झाले तर भरभरून देत आणि रागावले तर घर बसवीत. त्यांचे नाव घ्यायलाही लोक भीत. म्हणून त्यांना ‘भली माणसे’ किंवा ‘भले शेजारी’ म्हणत.

आता हे वाचून तुम्हाला आपल्या साती आसरांची आठवण झाली असेल तर नवल नाही. आपणही त्यांना ‘मावल्या’ म्हणतो, म्हणजे आयाच. भीती वाटते त्यालाच माय म्हणायचे, ही रीत दोन्हीकडे सारखी.

आसरा म्हणजे अप्सरा. ‘अप्’ म्हणजे पाणी. पाण्यात वावरणाऱ्या त्या अप्सरा. महाराष्ट्रात नदीच्या डोहाशी, विहिरीच्या थारोळ्याशी, तळ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड दिसतात, ते त्यांचे ठाणे. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ च्या ग्रंथात पुण्याजवळच्या मावळ प्रांताचे नावच या मावल्यांशी जोडले. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी महाराष्ट्रातल्या नद्यांवर १९९५ मध्ये पुस्तक लिहिले. अन्न देणाऱ्या, लेकुरवाळ्या नद्यांबरोबर या आसरांच्या धाकाचीही त्यांनी सविस्तर नोंद घेतली आहे.

माझी आजी वर्धा नदीकाठची. ती म्हणायची, ‘भरदुपारी डोहाकडं जाऊ नोको. मावल्या न्हातात.’ तिन्हीसांजेलाही तीच ताकीद. बाळंतिणीने आणि लहान पोरांनी तर त्या वाटेने फिरकायचेच नाही. आज शिकलेला माणूस म्हणेल की पोरे बुडू नयेत म्हणून मोठ्यांनी रचलेली ही युक्ती. ते खरेही आहे. भरदुपारी काठावर कोणी नसते आणि डोह वरून शांत दिसतो. पण आजीने ती युक्ती म्हणून सांगितली नव्हती. तिला त्या शेजारणी वाटत. वर्षातून एकदा हिरव्या बांगड्या, खण आणि दहीभात घेऊन ती नदीवर जाई. पाण्यात उतरण्याआधी काठावर क्षणभर थांबे. का थांबलीस म्हणून विचारले तर म्हणे, ‘दुसऱ्याच्या घरात शिरताना वाजवून शिरावं.’

या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. अदृश्य लोकांशी माणसाचे नाते भक्तीचे कमी आणि शेजारधर्माचे जास्त आहे. मागून घ्यावे, जपून वापरावे, वेळेवर परत करावे.

आपल्या चांदा जिल्ह्याचीच कथा पाहा. विल्यम क्रुक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आपल्या ग्रंथात दिली आहे. एक वरात रानातून चालली होती. तहानेने सगळे व्याकूळ. एका अनोळखी म्हाताऱ्याने सांगितले, नवरानवरीने मिळून जमीन उकरावी. त्यांनी हसत हसत उकरली, झरा फुटला, आणि लोक पाणी पीत असतानाच ते वाढत गेले. नवरानवरी बुडाली. तेच हे तारोबाचे, म्हणजे आपल्या ताडोबाचे तळे. पुढे यात्रेकरूंनी हाक मारली की स्वयंपाकाची भांडी तळ्यातून वर येत. काम झाले की घासूनपुसून पाण्यात सोडायची. एका लोभी माणसाने ती घरी नेली. भांडी नाहीशी झाली आणि तळ्याने देणे कायमचे थांबवले. ताडोबाच्या नावाची दुसरी कथाही आहे. तारू नावाचा गोंडांचा प्रमुख वाघाशी लढताना मेला आणि देव झाला, अशी ती परंपरा.

भांड्यांची ही गोष्ट महाराष्ट्रात अनेक तळ्यांच्या काठी सांगतात. गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या फ्रेन्शॅम गावीही ती आहे. तिथल्या चर्चमध्ये एक भलामोठा धातूचा हंडा ठेवलेला आहे. टेकडीतल्या अदृश्य लोकांकडून तो उसना आणला, ठरल्या वेळी परत केला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा काही दिलेच नाही, अशी कथा जॉन ऑब्रे यांनी सतराव्या शतकात टिपून ठेवली. हजारो कोस दूरच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी एकच हिशेब मांडला.

आणखी एक सारखेपणा चकव्याचा. रानात चकवा लागतो म्हणजे माणूस तासन्‌तास चालतो आणि त्याच मोहाच्या झाडाशी परत येतो. इंग्लंडच्या डेव्हन भागात हेच काम ‘पिक्सी’ करतात. त्यांच्या तावडीतून सुटायला लोक अंगातला कोट उलटा करून घालत. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना खरोखरच जंगलात आणि वाळवंटात चालायला लावून पाहिले. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. तो दिसेनासा झाला की सरळ चालतो आहोत अशा समजुतीत ती गोल फिरली. म्हणजे चकवा खोटा नाही. तो झाडावर नसून आपल्या दिशेच्या जाणिवेत बसलेला आहे, एवढेच. चकवा लागला तर बसून राहा, उजाडू द्या, हा जुन्या लोकांचा सल्ला म्हणूनच आजही उपयोगी आहे.

इथवर सगळे गोड वाटते. पण या विषयाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला उठता येणार नाही.

मी लहान असताना धाकट्या आत्याला बाळंतपणानंतर ताप भरला. ‘आसरा लागल्या’ म्हणून दहीभात नदीवर गेला. ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी तिला गाडीत घालून चंद्रपूरला नेले आणि ती थोडक्यात वाचली. बाळंतिणीचा ताप हा जंतुसंसर्ग असतो आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो, हे आता आपल्याला ठाऊक आहे. पण त्या तीन दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. शेजारी एक विधवा म्हातारी राहायची. ती बाळाला बघून गेली होती. कोणीतरी हळूच तिचे नाव घेतले. मग तिच्या घरचे पाणी कोणी पिईना. आजी तेवढी तिच्याकडे जात राहिली. चावडीवर ती सगळ्यांसमोर म्हणाली, ‘मावल्यांचं असंल तं मावल्यांचं. माणसावर घालू नोका.’

आजीचा मावल्यांवर पुरा विश्वास होता. तरीही कुठे थांबायचे हे तिला कळत होते. सगळ्यांना कळते असे नाही. आयर्लंडमध्ये टिपेररी परगण्यात १८९५ मध्ये ब्रिजेट क्लिअरी नावाची तरुण बाई आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, अदृश्य लोकांनी तिला नेऊन ही बदली ठेवली, असे म्हणत तिच्या नवऱ्याने तिला जाळले. आपल्या जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी गावी ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बायकांना भरचौकात बांधून मारले गेले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्येच झाला होता. तो हवाच होता. पण कायदा गावात पोचतो तो घटना घडून गेल्यावर. त्याआधी चावडीवर एखादी आजी उभी राहावी लागते.

अदृश्याची भीती पाण्याकडे वळली तर ती माणसाला जपून वागायला शिकवते. तीच शेजाऱ्याकडे वळली की जीव घेते. फरक एवढाच आणि तो फार मोठा आहे.

आता आमच्या घुग्घुसचे सांगतो. इथे कोळसा आहे, सिमेंट आहे, लोखंड आहे. त्यावर हजारो चुली पेटतात, माझीही पेटली. पण ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डातले एक राहते घर दिवसाढवळ्या जमिनीत गडप झाले. माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. त्या खड्ड्याशी मी उभा राहिलो तेव्हा मला ताडोबाची भांडी आठवली. घर कोणा देवतेने गिळले असे मी म्हणत नाही. पोकळी माणसाने केली आणि भरायची माणसानेच ठेवली. पण उसने घेऊन परत न करण्याची गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती, एवढेच मला सुचले.

आयर्लंडमध्ये १९९९ साली क्लेअर परगण्यात नव्या रस्त्याच्या वाटेत एक काटेरी झुडूप येत होते. ते अदृश्य लोकांचे भेटण्याचे ठिकाण आहे, तोडू नका, असे एडी लेनिहन या कथेकऱ्याने जाहीरपणे सांगितले. इंजिनियरांनी झुडूप वाचेल असा रस्ता आखला. त्यांचा पऱ्यांवर विश्वास बसला असेल असे मला वाटत नाही. पण जागा दुसऱ्या कोणाची तरी असू शकते, एवढे त्यांनी मानले.

नातीला मी एक दिवस नदीवर नेणार आहे. शेंदराचे दगड दाखवीन, आजीची गोष्ट सांगीन, आणि ताप आला की दवाखान्यातच जायचे हेही बजावीन. पाण्यात पाय घालण्याआधी तिने क्षणभर थांबावे, एवढी माझी इच्छा आहे. त्यासाठी आसरा खऱ्या असल्याच पाहिजेत असे नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)