लिननचा नैसर्गिक रंग

विरंजन न केलेल्या, म्हणजे कोऱ्या लिनन कापडाच्या करड्या, पिवळसर किंवा फिकट तपकिरी छटेस लिननचा नैसर्गिक रंग म्हणतात. भरतकामाच्या दोऱ्यांमध्ये तिच्याशी जुळणारी छटा ‘एक्रू’ या नावाने मिळते. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘कच्चा’ असा आहे.

लिननचे तंतू जवसाच्या खोडापासून मिळतात. पुसदसह विदर्भात जवस हे रब्बीतील तेलबियांचे पीक म्हणून परिचित असून तेल व चटणी यांपलीकडे त्याचा विचार सहसा होत नाही. तेलासाठीचे वाण बुटके व फांद्यांचे असतात; तंतूंसाठी उंच, सरळ वाण लावतात.

रंग मुख्यतः खोड कुजवण्याच्या पद्धतीवर ठरतो. अंबाडीचा वाख काढताना करतात त्याप्रमाणे खोडे पाण्यात कुजवली, तर तंतू फिकट पिवळसर निघतात. बेल्जियममधील लेये नदीला ‘सोनेरी नदी’ हे नाव याच उद्योगामुळे मिळाले. शेतातच दवावर कुजवल्यास बुरशीमुळे ते करडे होतात. आज हीच पद्धत अधिक रूढ आहे. तीत हवामानानुसार छटा बदलते आणि दोन ताग्यांचा रंग तंतोतंत जुळेलच असे नसते. मोठ्या कामासाठी सर्व कापड एकाच ताग्यातून घेणे त्यामुळे इष्ट.

विरंजनाने कापड शुभ्र होते, मात्र तंतूंची ताकद काहीशी घटते. कोरे कापडही धुण्याने व उन्हाने हळूहळू उजळते. म्हणून ते आधी धुऊन घ्यावे आणि दोरे त्यावर ठेवून दिवसाच्या उजेडातच निवडावेत. करड्या कापडावर पांढरा दोरा उठून दिसतो, एक्रू मात्र जवळजवळ मिसळून जातो.