उजव्या हातातला चेंडू

भारतीय क्रिकेट संघाच्या 1911च्या इंग्लंड दौऱ्याचा ग्रुप फोटो आज उलगडायचा होता, पण तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मंगळवारी सौंसरचे एक वाचक मारुतीचं दर्शन आटोपून थेट घरी आले. पिशवीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो काढला नि म्हणाले, "हे पळवणकर बाळूच ना? पण सर, चेंडू तर उजव्या हातात आहे!"

प्रश्न लाखमोलाचा. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. त्या दौऱ्यात 114 बळी घेतले ते डाव्या हातानं, आणि पुण्यात इंग्रज फलंदाज कॅप्टन ग्रेगला नेटमध्ये तासन् तास गोलंदाजी टाकली तीही त्याच हातानं.

मग चेंडू उजव्या हातात कसा? फोटोच उलटा छापला गेला असेल तर! जुनी निगेटिव्ह काचेची असायची. तिच्या एकाच बाजूला रसायनाचा थर, तो कागदाला टेकवून प्रिंट काढायचा. काच चुकून पालथी पडली की आरशातल्यासारखं चित्र उलटतं. मात्र थर आणि कागद यांच्यामध्ये काचेची जाडी येते, त्यामुळे कडा किंचित विरघळल्यासारख्या दिसतात. मी जुना प्रिंट हातात घेतला की आधी चेहरा बघत नाही, या कडा बघतो. अशी चूक पुढेही होत राहिली. अमेरिकेत 1957 साली टॉप्स कंपनीच्या बेसबॉल कार्डावर उजव्या हातानं खेळणारा हँक ॲरन डावखुरा होऊन छापला गेला.

आपल्या सौंसरजवळच्या जामसांवलीच्या पहुडलेल्या मारुतीचा फोटो कुणी उलटा छापला, तर दारातल्या हारवाल्यालाही तो क्षणात कळेल, कारण डोक्याची बाजू त्याच्या डोळ्यांत बसलेली आहे. अनोळखी माणसाचं मात्र तसं नसतं. तिथे सदरा बघायचा. पुरुषाच्या सदऱ्यात काजांची पट्टी त्याच्या डावीकडे असते आणि बटणांच्या पट्टीवर येते. समोरून पाहताना वरची पट्टी आपल्या उजव्या हाताला दिसली पाहिजे.

पाहुण्यांच्या फोटोवर भिंग धरलं. आधी दिसले ते ठिपके, सारखे, ओळीत बसवलेले. म्हणजे हा स्टुडिओतला प्रिंट नव्हे, कुठल्याशा अंकातलं छापील कात्रण. मग भिंग गळ्याखाली सरकवलं. वरची पट्टी आपल्या डावीकडे होती! चित्र उलटं छापलं गेलं होतं. चेंडू मुळात डाव्याच हातात होता.

त्यांचा चेहरा उजळला, माझाही. तरी डावखुरा ठरला म्हणून तो बाळू ठरत नाही. त्यासाठी बाळूच्या खात्रीच्या फोटोशी कान जुळवावे लागतील, कारण मिशी बदलते, अंग भरतं, पण कानाची घडण तशीच राहते. जुळवताना हा फोटो आरशात धरायचा, नाहीतर डावा कान उजव्याशी ताडला जाईल.

कात्रणाच्या मागच्या मजकुरावरून अंकाचा माग लागू शकतो, पण ती बाजू खळीनं पुठ्ठ्याला घट्ट बसली आहे. पाण्यात भिजवू नका, असं त्यांना दोनदा बजावलं आहे. शनिवारी ते पुन्हा येणार आहेत. तोवर मी पुठ्ठा मागून पापुद्र्या-पापुद्र्यानं कोरडाच सोलायला पातळ सुरी शोधून ठेवतो.