जिव्या सोमा म्हसे यांची चित्रकला

लोककलेला कर्ता नसतो, असे पुष्कळदा म्हटले जाते. जात्यावरची ओवी प्रथम कोणाच्या मुखातून आली, अंगणातील रांगोळीची ठिपक्यांची मांडणी कोणाला सुचली, याचा शोध घेणे व्यर्थच. ज्या असंख्य हातांनी ती जतन केली त्या सर्वांची ती असते. हा विचार बराचसा खरा असला, तरी पूर्ण खरा नव्हे. परंपरेने हाती दिलेल्या चार खुणांतूनच एखादा कलावंत स्वतःचे असे काही बोलू लागतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे हे अशा कलावंताचे ठळक उदाहरण होय.

महाराष्ट्राच्या उत्तर कोकणात, आजच्या पालघर जिल्ह्यात, वारल्यांच्या घरी लग्न निघाले की आतल्या खोलीतील भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवितात. तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सवाशिणी चौक रेखाटतात. चौकाच्या मध्यभागी सृष्टीच्या सुफलतेची देवता पालघाट असते, आणि भोवती झाडे, प्राणी व माणसे. चौकावाचून लग्न लागत नाही. धवलेरी गाणी म्हणते, विधी पार पडतो, आणि पुढे ते चित्र भिंतीबरोबर झिजून जाते. ते टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नसते.

अशा समाजात 1934 साली म्हसे यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी आई गेली, आणि त्या धक्क्याने या मुलाचे बोलणेच थांबले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. मनातले सांगावयाचे झाले की तो धुळीत बोटाने रेघा ओढी. पुढे तो डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यास राहावयास आला. रेखाटण्याची ती सवय मात्र सुटली नाही. चौक हे स्त्रियांचे काम. परंतु हा तरुण लग्नकार्याचे निमित्त नसतानाही रोज चित्रे काढू लागला. विधीसाठी असलेली भाषा येथे प्रथमच एका माणसाच्या नित्याच्या बोलण्याची भाषा झाली.

1970 नंतरच्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त या भागात आले. बिहारातील मिथिलेच्या स्त्रियांच्या भित्तिचित्रांना कागदावर आणण्याच्या कामी यापूर्वी त्यांचा हात होता. येथेही त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि म्हसे यांची रेघ त्यांच्या नजरेत भरली. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात ही चित्रे लोकांनी पाहिली. 1976 साली म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यांची साधने अगदी साधी. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, पांढरा रंग, आणि शेणाने किंवा गेरूने माखलेली पार्श्वभूमी. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. त्याला वर्तुळाचे डोके आणि काड्यांचे हातपाय जोडले की माणूस चालू लागतो. ही लिपी साऱ्या वारल्यांची आहे. म्हसे यांनी तिच्यात आणली ती गती. त्यांच्या चित्रात तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी शंखाच्या वळणासारखी आत आत वळत जाते. मुंग्यांची रांग वारुळाकडे सरकत असते. कोळ्याचे जाळे तर एवढे पसरते, की त्याच्या बारीक धाग्यांनीच कापड भरून जाते आणि ते टाकणारा माणूस कोपऱ्यात ठिपक्याएवढा उरतो. पेरणी, लावणी, कापणी, मळणी या साऱ्यांत थांबलेले असे काहीच नाही. प्रेरणेसाठी त्यांना दूर जावे लागले नाही. पाड्याभोवती जे सतत हालते त्याकडेच ते आयुष्यभर पाहत राहिले.

1989 साली पॅरिसमधील एका मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. 2009 साली नेदरलँड्समधील प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री त्यांना लाभली. 2018 साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे वारली समाजातील अनेक तरुणांनी हीच वाट धरली, आणि चित्रकला अनेक घरांच्या चरितार्थाचे साधन झाली.

या यशाला दुसरीही बाजू आहे. ज्या सवाशिणींच्या हातांनी ही लिपी टिकविली, त्यांची नावे कोणी नोंदविली नाहीत. आणि आता पिशव्यांपासून पेल्यांपर्यंत सर्वत्र दिसणाऱ्या नाचऱ्या आकृत्यांखाली पुष्कळदा कोणाचेच नाव नसते. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे समाजाच्या वारशाला संरक्षणाचा आधार झाला. परंतु एका हाताची रेघ दुसऱ्या हाताहून कशी वेगळी, हे कायदा ओळखू शकत नाही. ते काम पाहणाऱ्याचे आहे. पुढे वारली चित्र समोर आले, की ते कोठले एवढेच न विचारता ते कोणाचे, हेही विचारावे. निदान एवढा मान त्या रेघेला दिलाच पाहिजे.